बाप्तिस्म्याचे शब्द: कॉन्स्टंटाइनने घुसडलेले नाहीत, आणि आभाळातून जसेच्या तसे उतरलेलेही नाहीत

१/
सांगली-साताऱ्याकडच्या काही समूहांत सध्या दोन दावे हातात हात घालून फिरत आहेत. पहिला: बाप्तिस्म्यात उच्चारली जाणारी पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये बायबलात घुसडली. दुसरा: म्हणून ज्यांचा बाप्तिस्मा या तीन नावांनी झाला त्यांचा तो झालेलाच नाही, तो येशूच्या नावाने पुन्हा घ्यावा. पहिला दावा असत्य आहे आणि दुसरा त्याच्याच खांद्यावर उभा आहे. हा दीर्घ धागा दोन्हींच्या विरोधात आहे.

२/
एरवी मी या वादात पडले नसते. पण गेल्या पावसाळ्यानंतर एक फिरते प्रचारक आमच्या घरी आले. त्यांची मंडळी कोणती हे सांगण्याचे कारण नाही. त्यांनी माझ्या ७६ वर्षांच्या आजीला विचारले, "आजी, तुमच्या वेळी नेमके कोणते शब्द म्हटले होते?" आजीचा बाप्तिस्मा १९४८ सालचा, ती पाच महिन्यांची असतानाचा. तिला काय आठवणार? ते गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, म्हणजे माझा बाप्तिस्मा झालाच नव्हता की काय?"

३/
आम्ही मंडळीची जुनी नोंदवही पाहिली. तारीख आहे, बाळाचे नाव आहे, आईबापांची नावे आहेत, पाळकांची सही आहे. उच्चारलेल्या शब्दांसाठी रकानाच नाही. शहात्तर वर्षांच्या श्रद्धेला एका प्रश्नाने सुरुंग लावायचा, तर प्रश्न विचारणाऱ्याकडे निदान भक्कम इतिहास तरी असावा. तो आहे का, हे तपासू. कोणता बाप्तिस्मा देवाला मान्य आहे हे सांगणे माझे काम नव्हे. पण "इतिहास असे सांगतो" असे कोणी म्हटले की मग इतिहासाला साक्षीला बोलावण्याचा अधिकार प्रत्येकाला मिळतो.

४/
प्रथम निकाया. ३२५ च्या परिषदेपुढील मुख्य प्रश्न आरियसच्या मताचा होता: पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला? त्याशिवाय पुनरुत्थानाच्या सणाची तारीख आणि मंडळीच्या शिस्तीचे २० नियम. बायबलात कोणती पुस्तके असावीत किंवा मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात काय लिहावे, हा विषय त्या नियमांत कोठेही नाही. निकायाच्या नावावर आज जितके खपवले जाते, तितके काम त्या बिशपांनी केले असते तर त्यांना घरी परतायला दहा वर्षे लागली असती.

५/
आता साक्षीदार. पहिला जस्टिन, रोममध्ये राहणारा ख्रिस्ती तत्त्वचिंतक. इ. स. १५५ च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून आपल्या पंथाचे समर्थन लिहिले. त्याच्या ६१ व्या प्रकरणात तो सांगतो की नव्या माणसाला पाणी असेल तेथे नेतात आणि सर्वांचा पिता देव, येशू ख्रिस्त व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नान घालतात. कॉन्स्टंटाइनचा जन्म इ. स. २७२ च्या आसपासचा. म्हणजे घुसडणारा जन्माला येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी 'घुसडलेला मजकूर' प्रत्यक्ष व्यवहारात होता!

६/
दुसरा इरेनेयस, आजच्या फ्रान्समधील लियोंचा बिशप, इ. स. १८० च्या सुमारास. तिसरा तेर्तुलियन, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा, इ. स. २०० च्या सुमारास. बाप्तिस्म्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा हा पहिला ज्ञात लेखक. मत्तयातील आज्ञा तो तीन नावांसह उद्धृत करतो. शिवाय एका नावाला एकदा असे तीनदा बुडवले जाते, हेही अन्यत्र नोंदवतो. फ्रान्स, रोम, कार्थेज: तीन ठिकाणे, तीन माणसे, आणि तिघेही निकायाच्या शतकभर आधीचे.

७/
चौथी साक्ष सर्वांत रोचक आहे. 'दिदाखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका, म्हणजे मंडळीचे कामकाज चालवण्याचे मार्गदर्शन. बहुसंख्य अभ्यासक तिचा काळ पहिल्या शतकाचा उत्तरार्ध ते दुसऱ्या शतकाचा प्रारंभ असा धरतात. तिच्या ७ व्या प्रकरणात तीन नावे आहेत. पुढची सूचना कृष्णाकाठच्या माणसाला लगेच कळेल: शक्यतो 'जिवंत', म्हणजे वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर कोमट चालेल, आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे.

८/
त्या सूचनेतला सूर पाहा. उत्तम काय ते सांगितले आहे, पण अडचणीत सापडलेल्याला परत पाठवलेले नाही. "वाहते पाणी नव्हते, सबब तुझा बाप्तिस्मा रद्द" हे वाक्य तेथे नाही. जे प्रचारक "आम्ही प्रेषितांच्या काळाकडे परत चाललो आहोत" असे म्हणतात, त्यांनी त्या काळाची ही सवलत वाचलेली दिसत नाही.

९/
प्रामाणिकपणे एक आक्षेप नोंदवते. दिदाखेची संपूर्ण ग्रीक प्रत १०५६ सालची आहे. फिलोथेओस ब्रायेनिओस यांना ती १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि १८८३ मध्ये त्यांनी ती छापली. मधल्या काळात कोणी शब्द बदलले नसतील कशावरून? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी तिला एकटीला उभे केलेले नाही. जस्टिन, इरेनेयस आणि तेर्तुलियन यांची साक्ष तिच्यावाचूनही टिकते.

१०/
आता विरोधकांचा हुकमी पत्ता: युसेबियस. कैसरियाचा हा बिशप आणि इतिहासकार, निकायाला स्वतः हजर. मत्तयातील तीच आज्ञा देताना तो अनेकदा तीन नावांऐवजी केवळ "माझ्या नावाने" एवढेच लिहितो. १९०१ मध्ये फ्रेडरिक कॉनिबेअर या इंग्रज अभ्यासकाने यावरून असा तर्क मांडला की मूळ पाठ छोटाच होता. हा तर्क कोणा अडाण्याचा नव्हे. त्याला उत्तर द्यावेच लागते.

११/
उत्तर असे. युसेबियस तेच वचन तीन प्रकारे देतो: कधी बाप्तिस्म्याचा उल्लेखच गाळून, कधी "माझ्या नावाने" अशा जोडीसह, तर कधी तिन्ही नावांसह पूर्ण. जो लेखक एकच वचन प्रसंगानुसार तीन रीतींनी देतो, तो पोथीतून अक्षरशः उतरवत नसून मुद्द्यापुरते घेत असतो. आपले कीर्तनकारही ओवीचा हवा तेवढाच चरण घेतात. त्यावरून उरलेले चरण प्रक्षिप्त ठरत नाहीत.

१२/
आणि पोथ्या? मत्तयाचा हा शेवट ज्या ज्या ग्रीक हस्तलिखितात टिकला आहे, त्या प्रत्येकात तीन नावे आहेत. मात्र हेही सांगितले पाहिजे की हा भाग जपणारी आपल्या हातातील सर्वांत जुनी हस्तलिखिते चौथ्या शतकातली आहेत. त्याआधीच्या पपायरसांत मत्तयाचे हे पान उरलेले नाही. म्हणून निकाल केवळ पोथ्यांवर लागत नाही. तो पोथ्या आणि दुसऱ्या शतकातील लेखक यांच्या एकत्रित साक्षीवर लागतो. त्या साक्षीपुढे ३२५ ची कथा टिकत नाही.

१३/
येथवर वाचून आमच्याच मंडळीतले काही जण खूश होतील: "पाहा, आमचे शब्द पहिल्या दिवसापासून अक्षरशः हेच!" थांबा. तुमचाही दावा इतिहासात बसत नाही. तीन नावे फार जुनी आहेत, हे सिद्ध झाले. ती पहिल्या दिवसापासून सर्वत्र एका ठरावीक वाक्यात म्हटली जात होती, हे सिद्ध झालेले नाही. या दोन विधानांत अंतर आहे आणि सगळा गोंधळ त्या अंतरात आहे.

१४/
'प्रेषितांची कृत्ये' उघडा. अध्याय २, ८, १० आणि १९: चारही ठिकाणी लोकांचा बाप्तिस्मा येशूच्या नावाने होतो, तीन नावांचा उल्लेख नाही. पौलाच्या पत्रांतही "ख्रिस्तात" बाप्तिस्मा झाल्याची भाषा आहे. येशूच्या नावाचा आग्रह धरणाऱ्यांचे हे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. ते झाकून ठेवणाऱ्या पाळकांनीच त्यांचे काम सोपे केले आहे.

१५/
पण त्याच चार ठिकाणांची ग्रीक शब्दयोजना पाहा. छापील ग्रीक पाठात अध्याय २ मध्ये अव्यय 'एपि', अध्याय १० मध्ये 'एन', अध्याय ८ आणि १९ मध्ये 'एइस'. कोठे "येशू ख्रिस्त", कोठे "प्रभू येशू". एकच लेखक, एकच पुस्तक. लेखक जर विधीतील ठरलेले वाक्य नोंदवत असता, तर ते चार ठिकाणी असे बदलले असते का? तो काय म्हटले गेले हे सांगत नाही. बाप्तिस्मा कोणाशी जोडणारा होता हे सांगतो.

१६/
याहून निर्णायक पुरावा पुन्हा दिदाखेतच आहे. ७ व्या प्रकरणात तीन नावांचा विधी सांगणारी तीच पुस्तिका ९ व्या प्रकरणात भोजनविधीला कोणी बसावे हे सांगताना म्हणते: ज्यांचा प्रभूच्या नावात बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच. दोन प्रकरणांच्या अंतरात दोन्ही! लिहिणाऱ्याला यात विरोध जाणवला नाही. जे दोन शब्दप्रयोग आज एकमेकांचे वैरी म्हणून उभे केले जातात, ते तेथे एकाच घरात नांदत होते.

१७/
"नावाने" या शब्दाचा अर्थच आपण चुकीचा धरतो. ग्रीक 'एइस तो ओनोमा' हा प्रयोग इजिप्तमधील पपायरसांवरच्या हिशेबी व्यवहारांत आढळतो: अमुक रक्कम अमुकाच्या खाती. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपणही म्हणतोच, "जमीन त्याच्या नावावर झाली." सातबाऱ्यावर नाव चढते तेव्हा तलाठ्याने ते मोठ्याने उच्चारले की नाही, हे कोणी विचारत नाही, मालकी कोणाची, एवढेच पाहतात. हा एकमेव अर्थ आहे असे नाही; 'नावाने' मागे हिब्रू वळण पाहणारे अभ्यासकही आहेत. पण जादूच्या मंत्राचा अर्थ दोन्हींतून निघत नाही.

१८/
मग प्रत्यक्ष विधीत काय म्हणत? हिप्पोलितसच्या नावावर मोडणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या संहितेत तिसऱ्या शतकाच्या आसपासची रीत दिसते. माणूस पाण्यात उभा. प्रश्न: सर्वसमर्थ पित्यावर विश्वास ठेवतोस का? "ठेवतो." पहिली बुडी. मग पुत्राविषयी प्रश्न, दुसरी बुडी. मग पवित्र आत्म्याविषयी, तिसरी. "मी तुला बाप्तिस्मा देतो" हे वाक्य तेथे नाहीच. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये अँब्रोजही हीच प्रश्नोत्तरे वर्णितो.

१९/
त्याच सुमारास अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम शिकवत होता की याजक "मी देतो" म्हणत नाही. "अमुकाचा बाप्तिस्मा होत आहे" असे म्हणतो, कारण करणारा देव आहे, याजकाचा केवळ हात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही असेच म्हणतात. पश्चिमेत "मी तुला बाप्तिस्मा देतो" हे विधानवाक्य पुढील काही शतकांत रुळले. आठव्या शतकात लिहिलेल्या 'गेलासियन' विधिग्रंथातसुद्धा जुनी प्रश्नोत्तरेच आहेत. जे वाक्य आपण अनादी समजतो, ते अनेक वाक्यांपैकी एक आहे.

२०/
"पण चुकीचा बाप्तिस्मा झालेल्यांचे काय?" हा प्रश्नही नवा नाही. इ. स. २५५-५६ मध्ये यावरून मोठा वाद पेटला. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणे, मंडळीबाहेर फुटलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. २५६ च्या सप्टेंबरात ८७ बिशपांनी त्याला दुजोरा दिला. रोमचा स्तेफानस म्हणे, पुन्हा देऊ नका, हात ठेवून स्वीकारा. पश्चिमेत पुढे स्तेफानसचे मत टिकले. ३१४ च्या आर्ल परिषदेने, निकायाच्या अकरा वर्षे आधी, ठरवले की पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांत बाप्तिस्मा झालेल्यांवर केवळ हात ठेवावेत.

२१/
आणि ज्या निकायाचा एवढा गवगवा, तिच्या १९ व्या नियमाने पौल समोसातकराच्या अनुयायांना पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास सांगितले. का? शब्द चुकले म्हणून? नाही. अथानासियसच्या सांगण्यावरून असा गट तीच नावे उच्चारत होता. आक्षेप श्रद्धेवर होता. म्हणजे 'शब्द बदलल्याचा' आरोप ज्या परिषदेवर होतो, तिने शब्द बरोबर असूनही बाप्तिस्मा नाकारला. शब्दांपेक्षा ती कशाला तोलत होती, हे यावरून कळावे.

२२/
उलट उदाहरण ७४६ चे. बव्हेरियात एका याजकाचे लॅटिन इतके कच्चे की तो 'पात्रिस' आणि 'फिली' यांऐवजी 'पात्रिया' आणि 'फिलिया' म्हणे. अर्थ झाला पितृभूमी आणि कन्या! बोनिफेसने त्या लोकांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याचा आदेश काढला. पोप झकरियास यांनी त्याला लिहून कळवले: चूक पाखंडाची नसून भाषेच्या अज्ञानाची आहे, पुन्हा देऊ नये. माझ्या मते हे या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणे पत्र आहे.

२३/
आणखी एक. ८६६ मध्ये बल्गेरियाच्या राजाच्या प्रश्नांना उत्तर देताना पोप निकोलस पहिले यांनी लिहिले की तीन नावांत, किंवा प्रेषितांच्या कृत्यांतल्याप्रमाणे केवळ ख्रिस्ताच्या नावात, बाप्तिस्मा झाला असेल तर तो पुन्हा देऊ नये. पुढे रोमची शिस्त कडक झाली. २०२० मध्ये व्हॅटिकनने "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" अशा अनेकवचनी शब्दांनी दिलेले बाप्तिस्मे अवैध ठरवले. मंडळीला नियम करण्याचा हक्क आहे. पण नियमालाही जन्मतारीख असते.

२४/
'केवळ येशूच्या नावाने, आणि बाकीचे पुन्हा घ्या' या आग्रहालाही जन्मतारीख आहे. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अरोयो सेको येथील पेंटेकॉस्टल शिबिरात हा मुद्दा प्रवचनातून निघाला. १५ एप्रिल १९१४ रोजी फ्रँक युअर्ट आणि ग्लेन कुक यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. १९१६ मध्ये यावरून 'असेंब्लीज ऑफ गॉड' ही संघटना फुटली. त्यांची श्रद्धा त्यांना लखलाभ असो. मात्र आजीच्या दारात येताना "पहिल्या शतकाचा बाप्तिस्मा" अशी पाटी लावण्याआधी १९१४ हा आकडाही सांगावा.

२५/
आता आपल्या भाषेकडे. 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द आपण जसाच्या तसा ठेवला. त्याचे भाषांतर करावे की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात भारतातच झगडा झाला. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात 'बुडवणे' या अर्थाचा शब्द घातला. तेव्हा ब्रिटिश बायबल सोसायटीने मदत नाकारली आणि बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये वेगळी संस्था काढली. वसईचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनांत पवित्र आत्मा दीर्घकाळ पोर्तुगीज वळणाने 'इस्पिरित सांत' राहिला. शब्द बदलले म्हणून वसईकरांचा बाप्तिस्मा रद्द झाला, असे कोणी म्हणेल काय?

२६/
आणि साताऱ्याला तर हा विषय परका नाहीच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे घराघरात ठाऊक आहे. याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचा एक बंधुसंघ. बाप्तिस्म्याचे मोल ज्याने स्वतःच्या संसारातून चुकवले, त्यानेच बाप्तिस्म्याची भिंत करायला नकार दिला.

२७/
पंडिता रमाबाईंचेही पाहा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी सिस्टर जेराल्डिनशी जो पत्रव्यवहार केला, तो वाचताना या बाईंच्या निर्भयतेने मन थक्क होते. शंका विचारल्या, धमकावण्या ऐकल्या नाहीत. पण त्या वादातही त्यांनी कोणा म्हातारीला "तुझा बाप्तिस्मा खोटा" असे जाऊन सांगितले नाही. शंका स्वतःच्या जिवावर घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या उशाशी ठेवून यायची नसते.

२८/
साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन, सांगली-मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन. पुढे १९७० मध्ये नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यात शिशूंना बाप्तिस्मा देणारेही आले आणि केवळ प्रौढांना देणारे बॅप्टिस्ट व ब्रदरन मंडळीही. म्हणजे ज्यांचे पूर्वज युरोपात या मुद्द्यावरून एकमेकांना तुरुंगात टाकत होते, ते नागपुरात एका मांडवात बसले. ही आपली ताजी परंपरा आहे. तिचा अभिमान धरावा की कॅलिफोर्नियातले जुने भांडण आयात करावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

२९/
"मग शब्दांना काहीच किंमत नाही का?" आहे. शब्द बदलले की अर्थ सरकतो. म्हणून मंडळ्या शब्द जपतात, आणि त्यांनी ते जपावेत. माझा आक्षेप जपण्याला नाही. एका बाजूला खोट्या सनावळ्यांनी लोकांना घाबरवणे आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या वैविध्यावर पांघरूण घालणे, या दोन्हींना आहे. दोघेही एकच चूक करतात: विधीला मंत्र समजतात आणि माणसाला त्या मंत्राचा ओलीस.

३०/
हे सगळे मी आजीला तिच्या भाषेत सांगितले. तीन प्रश्न, तीन बुड्या, कोमट पाणी, बव्हेरियातल्या याजकाचे कच्चे लॅटिन. त्यावर ती खळखळून हसली. मग विचारले, "त्या पोपने पत्र लिहिलं, मग त्या लोकांना कळवलं का कुणी?" मला ठाऊक नव्हते, तसे सांगितले. ती म्हणाली, "कळवायला पाहिजे होतं. बिचारे घाबरले असतील."

३१/
म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी असे प्रचारक येऊन गेले असतील, त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना कळवावे: नोंदवहीत शब्दांचा रकाना नाही, आणि पहिल्या शतकांतही तो नव्हता. चूक आढळल्यास पुराव्यानिशी दाखवावी, जाहीर दुरुस्ती करीन. फॉरवर्ड पाठवू नये. सन, ग्रंथ आणि प्रकरण पाठवावे. इति.